आधी माप, मग क्लॅम्प: स्टंट स्कूटरचा क्लॅम्प निवडताना आणि बसवताना

पुण्यात दुकानात जाऊन ‘स्कूटरचा क्लॅम्प द्या’ म्हणालात, तर दुकानदार एक तर मोबाइल होल्डर काढून दाखवेल, नाहीतर विचारेल, ‘गाडी कोणती? अ‍ॅक्टिव्हा का ज्युपिटर?’ ऑनलाइन शोधलं तरी तीच गत. म्हणून आधीच सांगतो, इथे विषय आहे पायाने ढकलायच्या, दोन छोट्या चाकांच्या, घडी न होणाऱ्या स्टंट स्कूटरचा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये नाहीतर स्केटिंग रिंकवर मुलं जिच्यावर उड्या मारतात आणि हवेत बार, म्हणजे हँडल, गरकन फिरवतात, ती. तिच्या बारच्या तळाशी, डेकच्या (पाय ठेवायच्या फळीच्या) पुढच्या नळीच्या अगदी वर, अ‍ॅल्युमिनियमचं एक जाड कडं असतं. त्याला दोन, तीन किंवा चार बोल्ट असतात. तो क्लॅम्प.

नवख्याची पहिली तक्रार जवळजवळ ठरलेली असते. उडी मारून खाली आलो, चाक सरळ राहिलं आणि बार तिरका झाला. किंवा पुढून खटखट येतेय. दोन्हींवर एकच इलाज केला जातो, क्लॅम्प आणखी आवळायचा. मग बोल्टचे आटे जातात, मग तीन बोल्टांचा महागडा क्लॅम्प मागवला जातो, आणि तो एक तर बसतच नाही, किंवा बसतो पण खटखट जागच्या जागी राहते. माझं म्हणणं असं की क्लॅम्प ही सगळ्यात शेवटी निवडायची वस्तू आहे. बारचा व्यास आणि स्कूटरची कॉम्प्रेशन पद्धत (पुढची जुळणी दाबून धरायची रीत) या दोन गोष्टी कळल्या की क्लॅम्प कुठला हे ठरूनच जातं. तुमच्या हातात मग फारतर रंग उरतो.

क्लॅम्पचं काम कुठे संपतं

डेकच्या पुढच्या नळीत वर एक आणि खाली एक अशी दोन बेअरिंग असतात. मोटरसायकलचे गॅरेजवाले ज्याला कोनसेट म्हणतात तोच हा प्रकार, इथे त्याला हेडसेट म्हणतात. फोर्कची, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याची, नळी खालून या दोन्ही बेअरिंगमधून वर येते. ही सगळी जुळणी वरून-खालून दाबून धरली नाही तर बेअरिंग आपल्या जागेत हलतात आणि प्रत्येक उडीला खटखट वाजतात. हे दाबून धरण्याचं काम करतो कॉम्प्रेशन बोल्ट. क्लॅम्प ते करत नाही.

क्लॅम्प बारला चहूबाजूंनी आवळून फोर्कवर घट्ट बसवतो, म्हणजे बार वळला की चाकही वळतं. त्याचं काम एवढंच. त्यामुळे बार चाकाच्या मानाने तिरका होत असेल तर क्लॅम्पकडे पाहा. खटखट असेल तर कॉम्प्रेशनकडे पाहा. आणि एकदा क्लॅम्प आवळला की कॉम्प्रेशन बोल्ट कितीही फिरवा, काही होत नाही, कारण बार, फोर्क सगळं एकमेकांना जखडलेलं असतं. खटखट काढायला निघालेली बरीच मंडळी इथेच अडकतात.

माप घेणं

बाजारात बाहेरच्या व्यासाची दोनच मापं प्रामुख्याने भेटतात. साधा बार ३१.८ मि.मी., ओव्हरसाइज बार ३४.९ मि.मी. विक्रेते कधी ३२ आणि ३५ असं पूर्णांकातही लिहितात, घोटाळा होऊ देऊ नका. व्हर्निअर कॅलिपर असेल तर बारच्या तळाशी, रंग उडालेला नसेल तिथे, दोन आडव्या दिशांनी मोजा. दोन आकड्यांत ठळक फरक आला तर बार चेपलेला आहे, आणि चेपलेल्या बारला कुठलाच क्लॅम्प नीट धरत नाही.

कॅलिपर नसेल तर शिवणाची टेप घ्या आणि बारचा घेर मोजा. साधारण १० सें.मी. भरला तर बार ३१.८चा, ११ सें.मी.च्या आसपास भरला तर ३४.९चा. टेप तिरकी गुंडाळू नका आणि स्टिकर असेल तर त्याच्या खाली-वर मोजा. एक सेंटिमीटरचा फरक आहे, डोळ्यांना स्पष्ट दिसतो.

पण बाहेरचं माप म्हणजे अर्धीच गोष्ट. बार उतरवल्यावर आतलं भोकही बघा. स्टीलच्या साध्या बारचं भोक २८.६ मि.मी.च्या आसपास असतं, म्हणजे नेहमीच्या फोर्कच्या नळीच्या बाहेरच्या मापाइतकं. स्टीलच्या ओव्हरसाइज बारचं भोक ३२च्या जवळ. अ‍ॅल्युमिनियमच्या बारची भिंत मात्र जाड असते, त्यामुळे बाहेरून ओव्हरसाइज दिसणारा बार आतून लहान निघू शकतो. ‘अ‍ॅल्युमिनियमचा आहे, हलका आहे’ एवढंच ऐकून बार घेतला की नंतर फोर्क बसत नाही, ते याच कारणाने.

तिसरी गोष्ट, बारच्या तळाशी उभी चीर आहे का? चीर असेल तर क्लॅम्प आवळल्यावर नळी थोडी आकसते आणि आतल्या वस्तूला धरते. चीर नसेल तर नळी आकसणार नाही आणि साधा क्लॅम्प फक्त शोभेला राहील. हे पाहायला माप लागत नाही, तरी विकत घेताना विचारायचं हमखास राहून जातं.

तुमची स्कूटर कुठल्या पद्धतीची आहे

नावं ऐकून घाबरायचं कारण नाही. क्लॅम्प सैल करून बार वर उचला आणि आत काय दिसतं ते पाहा.

हेडसेटच्या लगेच वर मोठे षट्कोनी नट दिसले आणि फोर्कच्या नळीवर बाहेरून आटे असले, तर ती थ्रेडेड पद्धत. स्वस्त, सुरुवातीच्या स्कूटरवर ही असते. नट सारखे सैल होतात आणि ते आवळायला रुंद तोंडाचे दोन पाने लागतात. अशा स्कूटरवर क्लॅम्पसाठी फार खर्च करू नये. तो पैसा पुढच्या स्कूटरसाठी ठेवा.

क्लॅम्प सैल करूनही बार वर निघत नाही, पण पुढचं चाक काढल्यावर फोर्कच्या पोटातून वर जाणारा लांब बोल्ट दिसला, तर ती आयसीएस. बोल्ट खालून शिरून बारच्या आत ठोकलेल्या स्टार नटमध्ये अडकतो. काम चोख करते, पण प्रत्येक वेळी खटखट काढायला पुढचं चाक उतरवावं लागतं.

बार काढल्यावर फोर्कवर नळीसारखा शिम आणि त्याच्या माथ्यावर बोल्ट दिसला, तर पद्धत आयएचसी किंवा एचआयसी. दोन्हींचं तत्त्व एकच आहे. माथ्याचा बोल्ट शिमला खाली दाबतो, शिम हेडसेटला दाबतो, आणि मग बार या शिमवर चढतो. फरक मापांचा आहे. आयएचसीमध्ये फोर्कची नळीच बारीक असते आणि तिच्यावरचा शिम साध्या, २८.६ भोकाच्या बारमध्ये जातो. एचआयसीमध्ये फोर्क नेहमीच्या २८.६ मि.मी.चा, शिममुळे तो ३२च्या आसपास जातो, म्हणून त्यावर ओव्हरसाइज बारच लागतो. शिमचा बाहेरचा व्यास मोजलात की शंका उरत नाही. दोन्हींमध्ये बारला चीर हवीच. आयएचसीचा फोर्क एचआयसीच्या शिममध्ये सैल पडतो, तिथे कागद-पत्र्याच्या पट्ट्या भरून जुगाड करू नका. उडीचा सगळा भार त्याच जागी येतो.

आता एससीएस. इथे क्लॅम्प हीच पद्धत आहे. हा क्लॅम्प उंच असतो. त्याचे खालचे बोल्ट थेट फोर्कला धरतात आणि वरचे बोल्ट बारला. मधे आत एक टोपी बसते, तिच्यातून जाणारा बोल्ट हेडसेट दाबतो आणि बार त्या टोपीवर टेकतो. बार आणि फोर्क एकमेकांत शिरतच नाहीत. त्यामुळे बारला चीर लागत नाही, किंबहुना असूच नये. चिरेचा बार एससीएसमध्ये वापरायचा तर चिरेचा भाग कापून टाकावा लागतो आणि तेवढी बारची उंची जाते. वजनाला हा सगळ्यात जड आणि पकडीला सगळ्यात भक्कम. मोठ्या उड्या मारणाऱ्या, वजनाने भारी मुलांनी हाच घ्यावा असं मी सांगेन. आठ-दहा वर्षांच्या मुलाला त्याची गरज नाही, त्याला हलकी स्कूटरच जास्त उपयोगी.

एचआयसी आणि एससीएस या दोन्हींना आटे नसलेला २८.६चा फोर्क चालतो, म्हणून एकावरून दुसरीवर जाता येतं. मात्र फोर्कच्या नळीची लांबी पुरते का आणि बारला चीर आहे का, हे दोन्ही आधी तपासा.

क्लॅम्प निवडताना

बार ३१.८ आणि चीर असलेला, तर साधा क्लॅम्प. बार ३४.९ आणि चीर असलेला, तर ओव्हरसाइज. चीर नसलेला, तर एससीएस. बरेच ओव्हरसाइज क्लॅम्प आत घालायच्या पातळ कड्यासह येतात, ते घातलं की ३१.८चा बारही बसतो. चालतं, पण नेमक्या मापाचा क्लॅम्प मिळत असेल तर तोच घ्यावा. मधे जितके थर, तितक्या घसरायच्या जागा.

बोल्ट किती? शिकणाऱ्याला दोन पुरतात. तीन बोल्टांचा क्लॅम्प उंच असतो, जास्त भाग पकडतो आणि प्रत्येक बोल्टवरचा ताण कमी होतो. पण उंची बघून घ्या. क्लॅम्पने बारची चीर बहुतेक झाकली पाहिजे. चीर क्लॅम्पच्या वर बोटभर उघडी राहत असेल तर तिच्या टोकाशी ताण साठतो आणि तडा तिथूनच जातो. उलट बाजूने, आखूड चिरेवर उंच क्लॅम्प लावला तर त्याचा वरचा बोल्ट न आकसणारी नळी आवळत बसतो.

साहित्य बहुतेकांचं ६०६१ जातीचं अ‍ॅल्युमिनियम असतं, पुढे टी-६ असं लिहिलेलं. हे उष्णतेची प्रक्रिया करून कडक केलेलं असतं, म्हणूनच तडा गेलेला क्लॅम्प वेल्डिंगने दुरुस्त होत नाही. वेल्डच्या आसपासचा भाग पुन्हा मऊ पडतो. हातात घेऊन बघता आलं तर आतून बोट फिरवा. भोक गुळगुळीत आणि गोल हवं, कडा धारदार नकोत. धारदार कड अ‍ॅल्युमिनियमच्या बारवर रेघ ओढते आणि ती रेघच पुढे तुटायची जागा ठरते. बोल्ट आवळल्यावर जवळ येणाऱ्या क्लॅम्पच्या फटीचे दोन्ही ओठ समांतर आहेत ना तेही बघा. प्रोटो, टिल्ट, एथिक, अ‍ॅपेक्स, एन्व्ही, लकी या कंपन्यांचे क्लॅम्प मुलांच्या तोंडी असतात. नाव चांगलं असलं तरी माप चुकीचं असेल तर नावाचा उपयोग नाही.

एक इशारा खास पुण्यासाठी, कारण इथे गल्लोगल्ली सायकलची दुकानं आहेत. सायकलच्या सीटखालचा क्लॅम्पही ३१.८ आणि ३४.९ याच मापांत मिळतो. दुकानदार प्रामाणिकपणे तोच पुढे करतो, ‘हा बघा, तंतोतंत बसतोय.’ बसतो खराच. पण तो एकाच बोल्टचा, जेमतेम बोटाच्या जाडीचा असतो आणि सीटची दांडी खाली घसरू नये एवढ्याचसाठी केलेला असतो. उडीनंतर बारला बसणारा पीळ त्याच्या हिशोबात नाही. क्विक रिलीजची मूठ असलेला तर अजिबातच नको.

घ्यायचं कुठे

डिकॅथलॉनमध्ये फ्रीस्टाइल स्कूटर मिळतात. तिथली स्कूटर घेतली असेल तर सुटा भाग मिळतो का हे आधी त्यांच्याच दुरुस्तीच्या टेबलावर विचारा. बाकी नामवंत कंपन्यांचे क्लॅम्प बहुतेक आयात करणाऱ्या ऑनलाइन विक्रेत्यांकडूनच येतात. पैसे भरण्याआधी विक्रेत्याकडून तीन गोष्टी लेखी मागा, आतला व्यास, कुठल्या पद्धतीसाठी आहे, आणि उंची. ‘सगळ्या स्कूटरला बसतो’ असं उत्तर आलं तर दुसरा विक्रेता बघा.

जुना क्लॅम्प घेत असाल तर बोल्ट काढून आटे बघा आणि फटीचे ओठ बघा. बोल्ट न लावतासुद्धा ओठ आत वाकलेले दिसले तर तो क्लॅम्प आधीच कुणीतरी पिळून काढलेला आहे.

बोल्ट मात्र पुण्यातच घ्या. क्लॅम्पला बहुधा एम-६चे अ‍ॅलन बोल्ट असतात आणि त्यांना ५ मि.मी.ची चावी लागते. जुना बोल्ट नमुना म्हणून खिशात टाका आणि रविवार पेठेतली बोहरी आळी गाठा, किंवा पिंपरी-चिंचवडकडचे असाल तर भोसरी एमआयडीसीच्या परिसरातलं नट-बोल्टचं दुकान. ‘काका, एम सिक्स बाय वीस, अनब्रेको, चार नग द्या,’ एवढं म्हटलं की पुरे. वीसच्या जागी तुमच्या नमुन्याची लांबी, आणि अनब्रेको हे अशा बोल्टचं बाजारातलं नाव. चांगल्या बोल्टच्या डोक्यावर १२.९ कोरलेलं असतं, ती त्याची ताकद. स्टेनलेसचे चकाकणारे बोल्ट गंजत नाहीत, पण नेहमीचे स्टेनलेस बोल्ट ताकदीला १२.९च्या बरेच खाली असतात. दिसण्यासाठी ते लावू नका.

बसवणं

५ आणि ६ मि.मी.च्या अ‍ॅलन चाव्या, फडकं, थोडं ग्रीस, आयसोप्रोपिल अल्कोहोल. एवढ्यावर काम होतं. अल्कोहोलऐवजी हात धुवायचं सॅनिटायझर वापरू नका, त्यातलं ग्लिसरीन धातूवर पातळ थर सोडतं आणि बार त्यावरच घसरतो. मी एचआयसी धरून सांगतो, आयएचसीलाही हाच क्रम.

सगळे बोल्ट सैल करा, बार उतरवा. बारचं आतलं-बाहेरचं तोंड, शिम आणि क्लॅम्पचं भोक अल्कोहोलने पुसून कोरडं करा. बारचं तोंड कापलेलं असेल आणि कडेला बारीक पात्यासारखी धार राहिली असेल तर ती कानशीने हलक्या हाताने काढा. ग्रीस फक्त बेअरिंगला आणि बोल्टच्या आट्यांना. बार-शिम-क्लॅम्प यांच्यात ग्रीसचं बोटही लागू देऊ नका. गॅरेजवाला सवयीने सगळीकडे ग्रीस लावतो, त्याच्या हातात देणार असाल तर तोंडाने आधी सांगा.

मग हेडसेट. खालचं बेअरिंग, फोर्क, वरचं बेअरिंग, त्यावर चीर असलेली पातळ कडी, तिची निमुळती बाजू खाली, आणि वर धूळ अडवणारी टोपी. ही कडी उलटी बसली की पुढचं सगळं बिघडतं, कारण फोर्कला मधोमध धरणारी तीच असते.

शिम फोर्कवर पूर्ण खाली सरकवा, माथ्याचा बोल्ट लावा आणि हळूहळू आवळा. इथे जोर लावायचा नाही. थोडं आवळा, फोर्क डावीकडे-उजवीकडे फिरवून बघा, पुढे-मागे हलवून बघा. हलणं पूर्ण थांबलं पण फोर्क बोटाच्या धक्क्याने अजून मोकळा फिरतोय, तीच जागा. त्यापुढे पाव फेराही जास्त दिला तर बेअरिंग जड फिरायला लागतात आणि लवकर मरतात.

आता क्लॅम्प बारच्या तळाशी चढवा, खालच्या कडा एका पातळीत आणा आणि बार शिमवर शेवटपर्यंत खाली दाबा. बोल्ट मागच्या बाजूला, म्हणजे चालवणाऱ्याकडे ठेवायची रीत आहे, कारण तिथे चावी सहज जाते. प्रत्येक बोल्ट आधी बोटांनीच फिरवून आत घाला. पहिले दोन-तीन फेरे बोटांनी जात नसतील तर आटे तिरके लागलेत, बाहेर काढा आणि पुन्हा लावा. चावीने रेटून सुरुवात केली की अ‍ॅल्युमिनियमचे आटे लोण्यासारखे कापले जातात.

पुढचं चाक दोन पावलांमध्ये धरून वरून खाली बघा. बार आणि चाक काटकोनात आले की बोल्ट थोडे थोडे आवळायला घ्या. वरचा पाव फेरा, खालचा पाव फेरा, परत वरचा. एकच बोल्ट पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे गेलात तर क्लॅम्प तिरका बसतो आणि दुसऱ्या बोल्टची घट्ट वाटणारी पकड फसवी असते. फट वरपासून खालपर्यंत सारखी दिसली पाहिजे. आणि शेवटी ती पूर्ण बंद होता कामा नये. ओठ एकमेकांना टेकले म्हणजे क्लॅम्प आता बारला नाही, स्वतःलाच आवळतोय.

किती आवळायचं? क्लॅम्पसोबत कागद आला असेल तर त्यावरचा न्यूटन-मीटरचा आकडा पाळा आणि सायकलच्या चांगल्या दुकानातून टॉर्क रेंच मागून घ्या. तो नसेल तर चावीची आखूड बाजू बोल्टमध्ये, लांब बाजू हातात, आणि जोर मनगटाचा. चावीवर पाइप चढवून लांबी वाढवायची नाही, उभं राहून पायाने तर मुळीच नाही. गोल तोंडाची चावी शेवटच्या आवळणीला वापरू नका, तीच बोल्टचं डोकं गोल करते. उड्यांच्या हादऱ्याने बोल्ट सैल होत असतील तर आट्यांवर ग्रीसऐवजी निळ्या लॉकटाइटचा एक थेंब. निळाच. लाल लावलंत तर काढताना बोल्ट तापवायची वेळ येईल.

एससीएसमध्ये क्रम थोडा बदलतो. क्लॅम्प फोर्कवर बसवल्यावर आत डोकावून बघा, फोर्कचं टोक मधल्या टोपीच्या दोन-तीन मिलिमीटर खाली राहायला हवं. फोर्क वर आला तर टोपी त्यालाच टेकते आणि हेडसेट दाबलाच जात नाही. मग मधला बोल्ट आवळून हलणं घालवा, त्यानंतर खालचे बोल्ट, मग बार घालून सरळ करा आणि वरचे बोल्ट. बार टोपीपर्यंत पूर्ण खाली गेला पाहिजे.

चालवण्याआधी

डाव्या हाताची बोटं हेडसेटची टोपी आणि डेकची नळी यांच्या सांध्यावर ठेवा, पुढचं चाक बुटाने अडवा आणि उजव्या हाताने बार पुढे-मागे ढकला. सांध्यात बोटांना हालचाल जाणवली तर कॉम्प्रेशन कमी आहे. क्लॅम्प सैल करून, बार काढून, पुन्हा माथ्याच्या बोल्टपासून सुरुवात. कंटाळवाणं आहे, पण वाट तीच.

मग चाक गुडघ्यांत पकडा आणि बार दोन्ही हातांनी जोरात पिळा. न हलला तर छान. स्कूटर वीतभर उचलून फरशीवर सोडा आणि आवाज ऐका. एकच ठोस आवाज हवा, त्यामागे खुळखुळ नको. शेवटी पेंट मार्करने क्लॅम्पवरून खाली हेडसेटच्या टोपीपर्यंत एक बारीक सरळ रेघ ओढा. पुढे कधी बार घसरला तर रेघ तुटलेली दिसेल आणि ‘हलला का नाही’ हा वाद मिटेल. पहिल्या दिवशी अर्धा तास खेळून झाल्यावर क्लॅम्पचे बोल्ट एकदा पुन्हा तपासा, नवे भाग थोडे बसतात. हेल्मेट घालून खेळायचं हे वेगळं सांगत नाही.

अडलं तर

सगळं नीट आवळूनही बार फिरतोय? आधी ग्रीस किंवा पॉलिशचा थर शोधा. नंतर शिम त्याच पद्धतीचा आहे का ते पाहा. दोन्ही ठीक आणि फट बंद झालेली, तर माप चुकलंय किंवा क्लॅम्प ताणला गेलाय.

खटखट जात नाही आणि माथ्याचा बोल्ट तर शेवटपर्यंत आवळलाय? फोर्क शिमच्या वर आला असेल आणि बोल्टची टोपी फोर्कलाच टेकत असेल. हेडसेटवर एक पातळ स्पेसर टाकला की शिम वर सरकतो आणि दाब पुन्हा लागू होतो. फोर्क कापायची घाई नको, कापलेला जोडता येत नाही.

बोल्टचं डोकं गोल झालं तर टॉर्क्स बिट हलक्या हातोडीने आत बसवून फिरवून बघा. नाही निघाला तर लेथवाल्याकडे न्या, तो डोकं उडवून बाकीचा काढून देईल. क्लॅम्पचेच आटे गेले असतील तर नवा क्लॅम्प. मोठ्या मापाचे आटे पाडून देणारे कारागीर आपल्याकडे भरपूर आहेत आणि काम सुबकही करतात, पण भोकाभोवतीचा धातू कमी होतो आणि ओठ तिथेच फुटतात. बारच्या चिरेच्या टोकाशी केसाएवढी रेघ दिसली, नखाला अडकली, तर बार बाद. वेल्डिंग नको, रंग नको.

पावसाळ्यात, जूनपासून सप्टेंबरपर्यंत, ओल्या रिंकवरून आणलेली स्कूटर उलटी करून ठेवू नका. पाणी आत उतरतं आणि कोपऱ्यात बसतं. पुसून, बार वर, कोरड्या जागी उभी ठेवा. पोलादी बोल्ट आणि अ‍ॅल्युमिनियमचा क्लॅम्प ओलाव्यात एकमेकांना धरून बसतात, म्हणून पाऊस सुरू होण्याआधी एकदा प्रत्येक बोल्ट काढून आटे ब्रशने साफ करा आणि ग्रीस नाहीतर निळं लॉकटाइट पुन्हा लावा. डोक्याच्या खाचेत तांबडी माती भरते, ती टाचणीने उकरून काढल्याशिवाय चावी आत घालू नका. खेळायच्या पिशवीत ५ आणि ६ची चावी आणि दोन जादा बोल्ट असू द्या.